शहराचं खत

नाही नाही, बूट राहू द्या साहेब — बूट काढू नका. तुमाले कोनी सांगतलं असन, वावरात जाताना पायातलं काढावं, मान असते तो मातीचा — असते, खरं हाये, माह्या बापानं जन्मात कधी चप्पल घालून या धुऱ्याच्या आत पाय टाकला नाही — पन आता राहू द्या. अन् वाफ्यातून येऊ नका, बांधावरून फिरून या. हां. बसा, त्या बाजेवर बसा. डायव्हर कुठं गेला तुमचा? जीप घेऊन फाट्यावर, चहाले? अरे, चहा तं इथंही होऊन राह्यला — पुष्पांजली, साहेबाले चहा टाक वं! — येईन, बायको हाये माही, वेळ लागते तिले, आजकाल लय वेळ लागते. शहराच्या सफाईले मार्क द्याले तुम्ही एकटेच आले हे बरं झालं. नियमच हाये म्हने तसा, नगरपालिकेच्या मानसाले संगं आनायचं नाही, लाभार्थ्याशी एकट्यानं बोलायचं. तो लाभार्थी म्हंजे मीच. इंद्रभान. नाव असनच तुमच्या त्या मोबाईलवानी पाटीवर, फोटोही असन.

आवाज? कोनता आवाज? — हां, तो ठकठक. मोटारघरातून येते. मोटार जुनी हाये, धडधडते. काय? लाइन नाही आता? हो, बरोबर, लाइन गेली सकाळीच... मग बकरी असन. बकरी कोंडली म्या आत, पाला खाते सारा. दार ठोकते शिंगानं. बसा नं, तुम्ही काऊन उठता?

विचारा तुमचे प्रश्न. थांबा, मीच सांगतो — नगरपालिकेकडून खत मिळते का? मिळते, फुकट मिळते, घरपोच मिळते. खताचा दर्जा कसा? उत्तम. उत्पन्नात फरक? भरघोस वाढ, आमी समाधानी हाओत, धामणखेड शहराचे आभारी हाओत. झालं? असं काय पाह्यता? पाठ केल्यासारखं वाटते? केलंच हाये पाठ. पढवून गेला नं अविनाश. अविनाश म्हंजे डेपोवरचा सुपरवायझर, खताच्या डेपोवरचा, ठेकेदाराच्या हाताखालचा — डोणगावचा पोरगा, गोड बोलते, मले भाऊ म्हनते, पुष्पाले वहिनी म्हनते. ती गाडी? निंबाखालची? कोनाची असन... राहते उभी कोनाचीतरी. तुम्ही गाडीकडं नका पाहू, माह्याकडं पाहा, माह्याशी बोलाले आले तुम्ही.

फाट्यावरचा बोर्ड पाह्यला का? पाह्यलाच असन, एवढा मोठा हाये, एसटीतून दिसते. शहराचा कचरा, शेताची लक्ष्मी — असं लिहलं हाये वरती, अन् खाली मी, दोन्ही ओंजळीत काळंभोर खत, दात काढून हसून राह्यलो. ते डोळे पाह्यले माहे? फोडले. इळ्यानं फोडले, आरपार भोकं हायेत, वारा येते त्याच्यातून. गळ्यात चपलाचा हार घातला, तोंडाले शेन मारलं. कोनी केलं? गावानं केलं. अन् त्याच गावानं, साहेब, तो बोर्ड लागला त्या दिवशी मले गुलाल लावला होता! नगराध्यक्षाच्या हातानं शाल, नारळ — माह्या सात पिढ्यात कोनाचा फोटो लागला नाही, मेल्यावरही नाही लागला. मी दररोज काही कामधंदा नसताना फाट्यावर जाओ. चहा पेओ, बोर्ड पाहो, वापस येओ. पुष्पा हासे मले. म्हने, नवरदेवासारखे काय मिरवून राह्यले, कचऱ्याचं खत हाये ते. तवा हासे ती. तवा तिच्या हाताले पाचही बोटं होती.

काही नाही, म्हटलं, पाचही बोटं होती. सांगतो नं. आता उठू नका मधात.

खत आलं तवा असं बारीक, असं भुसभुशीत, वरच्या थराले तं वासही नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॅक्टर उभे राह्यले. म्या म्हटलं, एकट्यानं काय खायचं, साऱ्या गावाले होऊ द्या. म्हनून म्या इर्जिक बोलावली. तुमच्याकडं नसन — इर्जिक म्हंजे एकाच्या वावरातलं काम साऱ्या गावानं मिळून करायचं, मजुरी घ्यायची नाही, ज्याचं वावर त्यानं पोटभर जेवू घालायचं. आज माह्या वावरात, उद्या रामरावच्या, परवा केसरबाईच्या. वांग्याची भाजी केली, पुऱ्या तळल्या, पोरायनं डीजे लावला ट्रॅक्टरवर. बाया टोपले भरून राह्यल्या, गडी फेकून राह्यले, धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत, एकही वाफा सुटला नाही. अन् खालच्या थराचं कोनी पाह्यलं नाही. हासत, थट्टा करत, पुऱ्या खात आमी आमच्याच हातानं एकमेकाच्या वावरात ते पसरलं. दुश्मनाले एवढं जमलं नसतं, साहेब. दुश्मन एक वावर जाळन, दोन जाळन. आमी प्रेमानं साऱ्या शिवारात पसरून टाकलं.

दोन पान्याच्या पाळ्या दिल्या अन् माती बसली, अन् ते वर आलं. सकाळच्या उन्हात वाफे चमकाले लागले. म्या म्हटलं, दव पडलं का काय? दव कशाचं — काचा! बल्बाच्या, बाटल्यायच्या, इंजेक्शनच्या शिशायच्या. दाढीच्या पात्या, पतंगाचा मांजा, दवाखान्यातल्या सुया, अन् लेकरायच्या चड्ड्यायचा तो प्लास्टिकचा लगदा. मेथी त्याच्यातून उगवून राह्यली, हिरवीगार, खरंच भरघोस, अविनाश खोटं नाही बोलत! सुई मेथीच्या काडीत गुतलेली पाह्यली का कधी? मी पाह्यली. खामगावच्या बाजारात एका बाईनं जुडी उचलली अन् चरकन कापलं बोट, रक्त लागलं साऱ्या जुड्यायले. तिच्या नवऱ्यानं मले तराजूच्या दांडीनं हानलं तिथंच, चार लोकायत. हे पाहा, कानामागं, खोक हाये अजून. म्या जुड्या पोत्यात भरल्या अन् वापस आलो.

केसरबाईच्या टाचेत काच गेली, हाडाले लागली, चालते आता भिताडाले धरून. रामरावचा बैल — असा बैल नव्हता पंचक्रोशीत — खुरात पात घुसली, पू झाला, पाय सडला, बसला तो उठलाच नाही. रामरावनं त्याले हंबरू दिलं दोन दिवस, मग स्वतःच... जाऊ द्या. कुऱ्हाड घेतली अन् ती कुऱ्हाड तशीच रक्ताची घेऊन माह्या दारात आला. म्हने, इंद्रभान, बाहेर ये, तुही मान अन् माह्या बैलाची मान एकाच मापाची हाये का पाह्यतो. पारावरच्या मानसायनं धरलं म्हनून. रामराव, साहेब, ज्याच्या ताटात म्या स्वतः पुऱ्या वाढल्या होत्या. तवापासून घरावर गोटे येतात. कवेलूवर येतात, अंगनात येतात. सारे पाह्यतात, पन कोनी थांबवत नाही. मीही थांबवत नाही.

अन् पुष्पाचा हात.

निंदाले बसली होती मेथीत. मेथीत खुरपं चालत नाही, दाट असते, चिमटीनं तन उपटा लागते. तिची चिमट अशी चाले, मशीन चाले तशी. अन् जुडी बांधाले बसली तं सुतळी दिसू द्याची नाही हातात, गरकन फिरे अन् जुडी खाली पडे, बाजारात लोक पाह्यत उभे राहत. काहीतरी घुसलं तळव्यात. काढून फेकलं तिनं, थुंकी लावली, माती लावली — आपल्याच वावरातली माती, ती लावतेच बाई, औषध असते म्हने ती. त्या मातीनंच घात केला. हात सुजला, मांडीएवढा झाला, निळा, मग काळा. रात्रंदिवस वरडे. अकोल्याच्या दवाखान्यात नेलं तं डॉक्टर म्हने, उशीर झाला. तीन बोटं उतरवली. मी बाहेर बाकड्यावर बसलो होतो. आता ती जुडी दातानं बांधते. सुतळीचं एक टोक दातात, एक अंगठ्यात. येईन आता चहा घेऊन, तवा पाहू नका तिच्या हाताकडं — नाही, पाहा. पाहाच. त्याच्यासाठीच आले तुम्ही.

काय लिहता पाटीवर? शहराबद्दल सांगू? शहर साफ हाये. मी खोटं बोलनार नाही, मी जातो तिथं, शहर एक नंबर साफ झालं. पहिले बाजाराच्या मागं डुकरं लोळत, नाक धरून जा लागे. आता घंटागाडी येते, गानं वाजते, बाया दोन दोन बादल्या घेऊन उभ्या राहतात — ओला इकडे, सुका तिकडे. मनापासून करतात बिचाऱ्या. धोरन चांगलं हाये हो! ज्यानं कोनी ते बसून लिहलं असन त्याच्या डोक्यात माह्या पुष्पाचा हात कापायचा नव्हता. गाडीतही दोन कप्पे हायेत. मग डेपोवर जाते गाडी, अन् तिथं तुमाले समोरचा ढीग दाखवतात, हिरव्या जाळीतला, झेंडूची झाडं लावलेला. मागं नेलं का? नाही नं. मी गेलतो मागं, बांधावरून चढून. दोन्ही कप्पे एकाच ढिगावर पलटतात, अन् दवाखान्याची पिवळी पिशवीही तिथंच. चाळनीचं मोठं मशीन हाये, हार घातलेलं, हळदकुंकू लावलेलं — फिरत नाही ते, साहेब. पट्टा तुटला, कोनी बसवला नाही. समोरच्या ढिगाचं वरून घालतात अन् मागच्याचं खालून. तर मार्क द्यायचे तं द्या शहराले, साफ झालं ते. पन घान गेली कुठं? मेली का? हवेत उडाली का? तुमच्या पाटीवर असा एखादा प्रश्न हाये का — घान गेली कुठं? नाही? तीनच प्रश्न?

बकरीच हाये, साहेब. परत परत काऊन विचारता? बकरी मानसासारखं कन्हत नाही का कधी?

बसा. बसा म्हटलं नं! हे फावडं काही नाही, टेकाले घेतलं हाताशी, माही कंबर दुखते. लाल? माती हाये ती. कोनती माती लाल असते म्हनता — या शिवारात तं काळीच हाये सारी. हुशार हायेत तुम्ही. बरं, मग ऐका, अर्धवट ऐकून जाऊ नका. सकाळी तो आला, तुमच्या पहिले. ती गाडी त्याचीच. गाडीवर थैली घेऊन आला, नर्सरीतली, छापील, मस्त चाळलेलं खत. म्हने, भाऊ, साहेब येऊन राह्यला आज, हे धुऱ्याजवळच्या दोन वाफ्यायवर पसरवतो, तिथंच बसवा त्याले, आत नेऊ नका. पसरवू दिलं. पाहा, तुमच्या बुटाखाली हाये तेच. मग म्हने, भाऊ, एवढ्या वेळेस साथ द्या, मार्क कमी पडले तं ठेका जाते, ठेका गेला तं मी गेलो, घरी बायको पोटुशी हाये. खरं सांगतो, तवाही मले राग नाही आला. पोटासाठी करते मानूस. मी उलट त्याले पानी दिलं.

मग त्यानं मोबाईल काढला. म्हने, साहेबाले दाखवाले एक ताजा फोटो पाह्यजे, जोडीनं. माह्या ओंजळीत ते थैलीतलं खत टाकलं. अन् पुष्पाले म्हने — तो असा, लाडानं, मान वाकडी करून — म्हने, वहिनी, तो हात जरा पदराखाली घ्या नं. फोटोत बरं नाही दिसत.

अन् तिनं घेतला.

सासऱ्यापुढं घ्यावा तसा पदर घेतला अन् हात आत घेतला. लाज वाटली तिले. तिले लाज वाटली, साहेब! काचा ज्यायनं पाठवल्या त्यायले नाही वाटली, मशीनले हार घालनाऱ्यायले नाही वाटली, बोर्डावर दात काढनाऱ्याले नाही वाटली — मग मले काहीच दिसलं नाही. फावडं कवा उचललं मालूम नाही. टिनावर गोटा पडावा असा आवाज आला. पडला तो, उठला, भाऊ म्हने, भाऊ, मारू नका — अन् म्या अजून हानलं. खांद्यावर. पाठीत. वाफ्यात तोंड दाबलं त्याचं, म्हटलं, खा, दर्जा सांग कसा हाये, खा! दातात काच गेली त्याच्या, मी ऐकलं. पुष्पा माह्या पाठीवर बुक्क्या मारून राह्यली होती, एका हातानं. मग तुमची जीप वाजली फाट्याकडून. ओढत नेलं अन् कडी लावली. कुलूप लावलं. हे पाहा किल्ली, ठेवली इथं बाजेवर.

आता समजलं नं बकरी कशाची ते?

नाही, पळू नका. डायव्हर नाही, अन् वाफ्यातून पळाल तं तुमचा बूटही फाडन ते. असमाधानी लिहता? लिहा नं, मी कुठं — थांबा. थांबा. काय लिहलं दाखवा. दर्जा निकृष्ट. असमाधानी. चौकशीची शिफारस... पटापट लिहलं. हे तुम्ही माह्या मेथीले पाहून लिहलं का या फावड्याले पाहून? बोला! फावड्याले पाहून. मग पुसा. पुसा म्हटलं! ठेकेदाराच्या भ्यावानं अविनाश उत्तम लिहवून घेते, माह्या भ्यावानं तुम्ही निकृष्ट लिहता — उद्या शहरात जाऊन सांगाल, जबरदस्तीनं लिहवलं, अन् तिथले लोक हसतील अन् तुमचं ते लिहनं त्याच ढिगावर पलटतील. मले खरं पाह्यजे. भ्यायलेलं नको. काढा बूट. हो, काढा आता. मोजेही काढा. ही एक वाफ्याची ओळ हाये, निंदा हातानं, इथून तिथपर्यंत, अन् मग लिहा काय लिहायचं ते. रडता काऊन? माही बायको नाही रडली. सोडा ती लेस, मी थांबतो, मले घाई नाही.

आवाज बंद झाला.

ऐका. ठोकनं बंद झालं नं? कवा झालं? तुम्ही ऐकून राह्यले होते नं, कवा बंद झालं ते? — पुष्पा! ए पुष्पा, चहा ठेव तिथं, कुठं चालली? मोटारघराकडं जाऊ नको! किल्ली माह्यापाशी... इथं तं होती, बाजेवर. तुम्ही दिली तिले? नाही? मग तिनंच घेतली. मी तुमच्या बुटाकडं पाहून राह्यलो होतो. पुष्पा, उघडू नको! लागू दे त्याले, मरू दे!... उघडलं.

तिकडं नका पाहू. नाही, पाहा. काय करून राह्यली ती? मले इथून दिसत नाही नीट, डोळ्यापुढं पानी आलं... बसली खाली. त्याचं डोकं मांडीवर घेतलं. हाये का जीव? पुष्पा, जीव हाये का त्याले? बोल नं वं! — मान हलवली. हो म्हटलं नं तिनं? तुम्हीही पाह्यलं नं, हो म्हटलं. पदर फाडून राह्यली. तोच पदर. एक टोक दातात धरलं, एक अंगठ्यात, अन् डोक्याले गुंडाळते त्याच्या, गरागरा... जुडी बांधल्यावानी. तो हात उघडाच हाये तिचा. उन्हात उघडा हाये अन् तिचं ध्यानही नाही.

घ्या, बूट घाला, साहेब. घाला लवकर. तुमची जीप येऊन राह्यली, ती धूळ दिसते. त्याले मागच्या सीटवर आडवं टाका, मान धरा, मी हात नाही लावत, मले पाह्यलं तं भिईन तो. पुष्पा येईन संगं, ती बसवून घ्या. अन् तुमची पाटी पडली वाफ्यात, ती घ्या. जपून उचला, कडेले काच हाये. कोरी हाये ती, कोरीच राहू द्या आता. त्याले दवाखान्यात टाका, फाटा ओलांडा, मी अन् हे फावडं दिसेनासं झालं का मग गाडी थांबवा अन् लिहा. जे लिहावं वाटन ते. अन् पोलिसाले सांगा, इंद्रभान वावरातच हाये, पळाला नाही.

माह्याकडं काय पाह्यता? जा! बांधावरून जा, वाफ्यातून नको.